देवस्थानाच्या हिशेबात मुले कुठे आहेत?

सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या देवस्थानाला, मठाला, चर्चला किंवा जैन मंदिराला दरवर्षी लेखापरीक्षकाचा अहवाल धर्मादाय कार्यालयात सादर करावा लागतो. त्या अहवालात काय काय असावे, हे सार्वजनिक न्यासांच्या १९५१ च्या नियमांतला १९ वा नियम कलमवार सांगतो. जमाखर्च नियमित लिहिला आहे का? रोख शिल्लक आणि पावत्यांचा मेळ बसतो का? न्यासाची जमीन परवानगीशिवाय कोणाच्या घशात तर गेली नाही ना? पाच हजार रुपयांवरच्या दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या होत्या का? साताऱ्याच्या आणि सांगलीच्या धर्मादाय कार्यालयांत असे अहवाल वर्षानुवर्षे दाखल होतात. ते व्हायलाच हवेत, कारण तो भाविकांचा पैसा आहे. पण सभामंडपाच्या पत्र्यांची इतकी बारीक चौकशी करणाऱ्या या अहवालात काही प्रश्न कुठेच सापडत नाहीत. या संस्थेच्या छपराखाली मुले किती राहतात? रात्री त्यांच्यावर देखरेख कोणाची असते? त्यातल्या एखाद्याने तक्रार केली, तर ती ऐकून पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कोणत्या विश्वस्ताची आहे? हे प्रश्न त्याच अहवालात, तितक्याच सक्तीने विचारले गेले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दानपेटी पंचांसमक्ष उघडते, नोटा दोघा-तिघांच्या नजरेखाली मोजल्या जातात, पंचनाम्यावर सह्या होतात. पैशाच्या बाबतीत आपण कोणा एकावर विसंबत नाही आणि त्यात कोणाला अपमानही वाटत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र एका माणसाच्या चांगुलपणावर सगळे सोपवून आपण मोकळे होतो.

या दोन जिल्ह्यांत धार्मिक संस्थांच्या सहवासात वाढणारी मुले थोडीथोडकी नाहीत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे सरकते, तेव्हा दिंड्यांमध्ये दहा-बारा वर्षांची पोरे दिसतात. गळ्यात पखवाज, पायांत धुळीने माखलेल्या चपला, आणि रात्र झाली की राहुटीत, ट्रकच्या आडोशाला किंवा एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात जागा मिळेल तिथे पाठ टेकायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावी निवासी संस्कार शिबिरे भरतात. वेदपाठशाळा आहेत, कीर्तन आणि मृदंग शिकवणारी गुरुकुले आहेत, मदरसे आहेत, चर्चची रविवारची शाळा आहे, जैन पाठशाळा आणि वसतिगृहे आहेत, पाचगणीत मिशनरी परंपरेतल्या जुन्या निवासी शाळा आहेत. माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या आईबापांना मूल अशा ठिकाणी ठेवले म्हणजे दोन वेळचे जेवण, शिस्त आणि चार अक्षरे यांची सोय झाली असे वाटते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परक्याच्या हाती मूल सोपवण्याचा हा विश्वास या मातीत मुरलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले, तेव्हा खेड्यातल्या निरक्षर बापाने याच विश्वासावर आपला मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. त्या विश्वासाने या भागाच्या पिढ्या घडवल्या. म्हणूनच तो राखण्याची व्यवस्था नसणे ही मला साधी प्रशासकीय त्रुटी वाटत नाही.

व्यवस्था नसली की काय होते, हे सांगली जिल्ह्याने पाहिले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये वाळवा तालुक्यातल्या कुरळपच्या पोलिस ठाण्यात एक निनावी पत्र आले. तिथल्या एका निवासी आश्रमशाळेत मुलींवर अत्याचार होत असल्याचे त्यात लिहिले होते. पोलिसांनी मुलींना विश्वासात घेतले, तेव्हा संस्थेच्या संस्थापकाचेच नाव पुढे आले. त्याला अटक झाली, त्याला साथ दिल्याच्या आरोपावरून स्वयंपाकी महिलेलाही अटक झाली, आणि पुढे न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. ती संस्था धार्मिक नव्हती, हे मान्य. तरीही या विषयात कुरळपचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, कारण तिथली रचना आणि मठ-गुरुकुलांतली रचना एकसारखी आहे. मूल घरापासून दूर, अन्नासाठी आणि निवाऱ्यासाठी संस्थेवर अवलंबून, संस्थेचा प्रमुख हाच मालक, हाच पालक आणि हाच तक्रार ऐकणारा. निवासी संस्थेत मुख्याध्यापक असतात, शिक्षक असतात, कर्मचारी असतात, तपासणीला येणारे सरकारी अधिकारीही असतात. एवढे सगळे असताना वाचा फुटली ती नाव न लिहिलेल्या एका पत्राने. धार्मिक संस्थेत तर यात आणखी एका ओझ्याची भर पडते. समोरचा माणूस मुलासाठी शिक्षकापेक्षा मोठा असतो. आईवडील त्याच्या पाया पडतात, तो बोलतो ते देवाचे बोलणे मानले जाते. त्याने पाय चेपायला खोलीत बोलावले तर ती सेवा, आणि सेवेला नकार दिला तर पाप, असे त्या मुलाला वर्षभर शिकवलेले असते. त्या मुलाने तक्रार करायची म्हणजे आपल्या आईबापाच्या श्रद्धेविरुद्ध उभे राहायचे. मोठ्या माणसांनाही हे जमत नाही.

महाराष्ट्रात आणि देशात धर्माच्या छायेत घडलेली प्रकरणे न्यायालयात सिद्ध झाली आहेत. २०१५ साली मुंबईतल्या शिवाजीनगर भागातल्या एका चर्चमध्ये धर्मगुरूने १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. कुटुंब आधी चर्चच्या वरिष्ठांकडे गेले, पण पोलिस ठाण्याची पायरी त्यांना स्वतःलाच चढावी लागली, आणि ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे प्रार्थना केली त्या लोकांनीच आपल्याकडे पाठ फिरवली, असे त्या घराने पुढे सांगितले. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली. आसारामविरुद्ध ऑगस्ट २०१३ मध्ये तक्रार झाली ती त्याच्याच गुरुकुलात शिकणाऱ्या १६ वर्षांच्या मुलीची. तिचे आईवडील त्याचे भक्त होते. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली, पण तोवर त्याच्याविरुद्धच्या खटल्यांतल्या साक्षीदारांवर हल्ले झाले होते, काहींचे जीव गेले होते. त्याच ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. बुवाबाजीला जाब विचारला पाहिजे, हे साताऱ्याच्या या माणसाने आयुष्यभर सांगितले. त्यानंतर डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो आवश्यकच होता. पण तो कायदा बुवाच्या कृत्याला हात घालतो. बुवाभोवती जी संस्था उभी असते, तिच्या विश्वस्तांनी मुलांसाठी आधीच काय करायला हवे होते, हे तो विचारत नाही. अलीकडे आळंदीत वारकरी शिक्षणाच्या नावाखाली चालणाऱ्या काही खासगी संस्थांत मुलांवरील अत्याचाराचे गुन्हे नोंदले गेले आणि अनधिकृत संस्थांच्या तपासणीसाठी राज्य महिला आयोगाला पुढे यावे लागले. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली स्थापन केलेल्या संस्थेसारख्या जुन्या, नावाजलेल्या संस्था वेगळ्या आणि कोणीही चार खोल्या भाड्याने घेऊन काढलेले गुरुकुल वेगळे, हा फरक मी करतो. पण हा फरक ओळखायचे साधन गरीब आईबापाच्या हाती कोणते आहे? दोन्हीकडे हरिपाठच ऐकू येतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या अथवा सेवेतल्या माणसाने त्या संस्थेतल्या मुलावर अत्याचार केला, तर कलम ५ आणि कलम ९ तो गंभीर स्वरूपाचा गुन्हा मानतात. 'धार्मिक संस्था' हे शब्द कायद्यात स्पष्टपणे आहेत. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे किंवा घडू शकतो असे ज्याला कळेल, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. पुजारी, मौलवी, धर्मगुरू, विश्वस्त यांना यातून सूट नाही. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. याची धार सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दाखवून दिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातल्या १७ आदिवासी मुलींवरील अत्याचाराचा गुन्हा २०१९ मध्ये नोंदला गेला. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असून कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे बजावले. म्हणजे देवळाच्या ओसरीवर चार पंच बसून 'पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, मिटवून घ्या' असे सांगतात, तेव्हा ते समजूतदारपणा करत नसतात. कायद्याच्या नजरेत ते स्वतः आरोपी होत असतात. हे आपल्या किती विश्वस्तांना ठाऊक आहे?

त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण ती गुन्हा घडण्याआधीची आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या पोक्सो नियमांतला तिसरा नियम सांगतो की जिथे मुले राहतात किंवा जिचा मुलांशी नेहमी संबंध येतो, अशा प्रत्येक संस्थेने मुलांच्या संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावी, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि सरकारने आखलेले बाल संरक्षण धोरण स्वीकारावे. नियम कागदावर आहे, पण तो पाळला जातो की नाही हे धार्मिक संस्थेच्या दारात जाऊन विचारणारा कोणी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, तक्रार नोंदवायलाच पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले, संतापलेल्या लोकांनी रेल्वे रोखली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यातून शाळांसाठी निर्णय निघाले, सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, समित्या आल्या. हे सगळे शाळेच्या फाटकापाशी थांबते. तोच विद्यार्थी शाळा सुटल्यावर ज्या मठात किंवा मदरशात झोपायला जातो, तिथे ना शिक्षणाधिकारी जातो, ना समिती. बाल न्याय कायद्याने बालगृहांना नोंदणी सक्तीची केली आहे, पण 'आम्ही बालगृह चालवत नाही, धर्मशिक्षण देतो' असे म्हटले की त्या नोंदणीतून अंग काढून घेता येते. शिक्षण खाते म्हणते ही शाळा नाही, महिला व बालविकास खाते म्हणते हे बालगृह नाही, धर्मादाय कार्यालय म्हणते आम्ही हिशेब तपासतो. तिन्ही दारांवरून मूल परत येते. यातले फक्त धर्मादाय कार्यालयच असे आहे की ज्याच्याकडे या बहुतेक संस्थांची नावे, पत्ते आणि विश्वस्तांच्या याद्या आधीपासून आहेत. कारभार बिघडवणाऱ्या विश्वस्ताला निलंबित करण्याचा आणि काढून टाकण्याचा अधिकारही सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१-ड ने धर्मादाय आयुक्तांना दिला आहे. नवे खाते काढायची गरज नाही, आहे त्या अहवालात चार प्रश्न वाढवायचे आहेत. वक्फ संस्थांसाठी हेच काम राज्य वक्फ मंडळाने करावे, म्हणजे एका धर्माला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय असे कोणाला म्हणता येणार नाही. आणि नोंदणीच न केलेले गुरुकुल असेल तर ग्रामपंचायतीने ते जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे.

यावर पहिला आक्षेप येईल तो धर्मात सरकारने नाक खुपसू नये असा. संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने धर्मसंप्रदायांना आपला कारभार पाहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, हे खरे. पण त्या अनुच्छेदाची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, अशी आहे. आणि साताऱ्याला हा धडा संविधानाच्या पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, सुमारे तीनशे भाविकांचे प्राण गेले. न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग बसला. गर्दीचे नियोजन बदलले, पशुहत्येवर आणि वाद्ये वाजवण्यावर बंदी आली. पशुबळी हा तर भाविकांच्या दृष्टीने थेट धर्माचाच भाग होता. तरीही लोकांनी बदल स्वीकारला, कारण माणसे मेलेली सगळ्यांनी पाहिली होती. यात्रा बंद पडली नाही, काळूबाईला आजही लाखो लोक जातात. मुलांवरच्या अत्याचारात मृतदेह दिसत नाहीत, एवढाच फरक आहे. त्याआधीचे उदाहरण याहून थेट आहे. पालीच्या आणि जेजुरीच्या खंडोबाला मुरळी म्हणून, सौंदत्तीच्या यल्लम्माला देवदासी म्हणून या पट्ट्यातल्या मुली सोडल्या जात. केसांत जट आली की देवीचे बोलावणे आले, असे समजून अजाण पोरीच्या गळ्यात लाल-पांढरे मणी बांधले जात आणि तिचे पुढचे आयुष्य ठरून जाई. तेव्हाही हा धर्माचा प्रश्न आहे असेच सांगितले गेले. १९३४ मध्ये मुंबई प्रांताने त्याविरुद्ध कायदा केला, २००५ चा कायदा महाराष्ट्राने त्यापुढे नेला. मूल आधी की रूढी आधी, या प्रश्नाचे उत्तर समाज म्हणून आपण कधीच दिलेले आहे. खंडोबाची तळी आजही उचलली जाते आणि जतच्या यल्लम्माची यात्राही भरते.

दुसरा आक्षेप बदनामीचा. चार नतद्रष्टांमुळे सगळ्या संतपरंपरेला का बोल लावता, आणि आमच्याच धर्माकडे का बोट दाखवता? ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षे एका राष्ट्रीय आयोगाने संस्थांमधल्या बाल अत्याचारांची चौकशी केली. सुमारे आठ हजार पीडितांनी आयोगापुढे खासगीत आपली कहाणी सांगितली. कॅथलिक आणि अँग्लिकन चर्चबरोबरच यहोवाचे साक्षीदार हा पंथ त्यात होता. १९५० पासून तिथल्या त्या पंथाच्या दफ्तरात एक हजाराहून अधिक संशयितांची नोंद होती आणि पंथाने स्वतःहून पोलिसांना एकाचेही नाव कळवले नव्हते. दोन साक्षीदार असल्याशिवाय आरोप मानायचा नाही, हा त्यांचा धर्मनियम होता, आणि अशा गुन्ह्याला दुसरा साक्षीदार जवळजवळ कधीच नसतो. त्याच आयोगाने भारतीय योगपरंपरा सांगणाऱ्या सत्यानंद आश्रमाचीही सुनावणी घेतली. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथल्या स्वामीने आश्रमातल्या मुलांवर केलेले अत्याचार आता प्रौढ झालेल्या त्या मुलांनी सांगितले. बायबल असो की योगसूत्रे, रचना तीच आणि गप्प बसणेही तेच. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा दिला. अत्याचार त्यांनी केला नव्हता. मुलांच्या शिबिरांशी जोडलेल्या एका माणसाने शंभरावर मुलांना आणि तरुणांना छळले, आणि २०१३ मध्ये ते कळल्यावरही आपण पुरेसा पाठपुरावा केला नाही, याची जबाबदारी त्यांनी घेतली. आपल्याकडे कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही संस्थेच्या अध्यक्षाने असा राजीनामा दिल्याचे मला आठवत नाही. बदनामी होते ती झाकपाक उघडी पडल्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण मालमत्तेपुरती ठीक आहे, मुलांना लावली की ती क्रूर होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. नियमांचा जाच वाढवला तर छोटी गुरुकुले बंद पडतील, आणि त्या मुलांचे अन्न तुटेल, असे प्रामाणिक माणसे म्हणतात. माणमधल्या एखाद्या गावात एक म्हातारे महाराज आठ-दहा पोरांना सांभाळत असतील, वर्गणीवर शिधा चालत असेल, तर त्यांना मुंबईच्या शाळेचे नियम लावणे अन्यायाचे होईल. म्हणून मागणी करताना भान ठेवले पाहिजे. कॅमेरे, स्वतंत्र अधीक्षक, अग्निशमन प्रमाणपत्र यांची यादी पहिल्याच दिवशी पुढे करू नये. पण काही गोष्टींना एक पैसाही लागत नाही. मूल आणि मोठा माणूस बंद दाराआड एकटे राहणार नाहीत. अंगसेवा मुलांकडून करून घेतली जाणार नाही, ती कोणाचीही असो. आईबाप न सांगता केव्हाही भेटायला येऊ शकतील आणि मुलाला घरी फोन लावताना शेजारी कोणी उभे राहणार नाही. मुलांची आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्या मोठ्यांची नावे एका वहीत असतील आणि त्या वहीची प्रत पोलिस पाटलाकडे असेल. जे म्हातारे महाराज खरोखर मायेने मुले सांभाळतात, त्यांना यातले काहीच अवघड नाही, ते कदाचित आजही असेच वागत असतील. अवघड वाटेल ते ज्याला दार बंद हवे आहे त्याला. आणि गरीब मुलाला छप्पर हवे असेल तर त्याने सुरक्षिततेचा हट्ट धरू नये, असा याचा अर्थ होत असेल, तर तो सौदा मुलाच्या वतीने करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

खोट्या तक्रारींची भीतीही बोलून दाखवली जाते. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षा करण्याची तरतूद त्याच पोक्सो कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. शिवाय दार उघडे ठेवण्याचा नियम निर्दोष शिक्षकालाही वाचवतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराला सामोरे गेल्याचे सांगितले, आणि अत्याचार करणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते. बहुतेकांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. आपली खरी अडचण न झालेल्या तक्रारींची आहे. कळवणे सक्तीचे केल्याने मूल मन मोकळे करायला घाबरेल, ही शंका मात्र मी उडवून लावणार नाही. पोलिस, वैद्यकीय तपासणी, कोर्ट हे ऐकून मोठे माणूसही कचरते. यासाठी कायद्याने मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, गणवेश न घातलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा असे सांगितले आहे, सोबतीला सहायक व्यक्ती देण्याची सोय केली आहे. ही सोय प्रत्येक तालुक्यात खरोखर उभी करणे हे सातारा आणि सांगलीच्या बाल कल्याण समित्यांचे आणि जिल्हा प्रशासनाचे काम आहे. ते नीट झाले नाही, तर विश्वस्तांवर टाकलेली सक्ती मुलाच्या अंगावर येईल.

आपल्या परंपरेत उघडपणे तक्रार ऐकण्याची रीत नाही, असे कोणी म्हणू नये. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी संध्याकाळी मुक्कामी पोचली की समाज आरती होते. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एकदम शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, तक्रार ऐकून घेतात, निवाडा करतात, आणि मग आरती पुढे चालते. लोणंदच्या आणि फलटणच्या तळावर हे दरवर्षी घडते. तक्रार असणाऱ्याने सगळ्यांच्या देखत टाळ वाजवत राहावे, त्याला कोणी गप्प करू नये, आणि त्याचे ऐकल्याशिवाय देवाची आरतीही पुढे सरकू नये, असे ठरवणारी माणसे फार मोठ्या मनाची होती. त्या तळावर राहुटीत झोपलेल्या दहा वर्षांच्या पोराच्या हातात मात्र असा टाळ अजून कोणी दिलेला नाही.

धर्मादाय आयुक्तांनी लेखापरीक्षणाच्या नमुन्यात मुलांविषयीचे प्रश्न घालावेत, यासाठी या दोन जिल्ह्यांतल्या आमदारांनी विधिमंडळात आग्रह धरावा. वारीच्या तयारीच्या बैठकांत पाणी, टँकर आणि शौचालयांबरोबर दिंडीतल्या मुलांच्या नोंदीचा विषय सातारा जिल्हा प्रशासनाने घ्यावा. पण विश्वस्तांनी यातल्या कशाचीही वाट पाहू नये. आपल्या पुढच्याच बैठकीत एक ठराव करा. आपल्याकडे मुले किती आहेत, त्यांच्याबरोबर कोण राहते आणि तक्रार आल्यास पोलिसांना कोण कळवणार, हे नावानिशी लिहून काढा, आणि सही करा. आणि जिथे देणगीदारांची नावे कोरली आहेत त्या भिंतीवर, मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर, १०९८ हा आकडा रंगवून घ्या. त्या क्रमांकावर कोणतेही मूल दिवसा-रात्री, पैसे न देता फोन करू शकते.